न मागणारी माणसे

गेल्या हनुक्काच्या दिवसांत आमचा भाचा शब्बाथला घरी आला होता. बेर शेव्याच्या हायटेक पार्कात एका कंपनीत तो अधिकारी आहे; हाताखाली चौदा माणसे आहेत. दिवे लागले, किद्दुश झाले, जेवणे झाली, तरी हा आपला गप्पच. आमच्या सौ.नी दोनदा विचारले तेव्हा कुठे बोलता झाला.

"मामा, एका वर्षात तिघं सोडून गेले. तिघंही चांगले. चार-चार मुलाखती घेऊन निवडले होते. पगार बाजारापेक्षा कमी नाही. ऑफिसात फळं आहेत, कॉफी आहे, गुरुवारी पार्टी आहे. तरी माणसं जातात. तुम्ही गिरणीत इतकी वर्षं माणसं सांभाळलीत. कशी टिकवलीत?"

आम्हांला क्षणभर बरे वाटले. म्हाताऱ्या माणसाला कोणी सल्ला विचारला की बरे वाटतेच. चार मोठ्या गोष्टी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण खरे सांगायचे तर आमच्या खात्यातले सर्वांत चांगले माणूस आम्हांला टिकवता आले नाही, आणि दोष आमचाच होता. ती हकीकत त्या रात्री त्याला सांगितली. तो म्हणाला, "मामा, हे लिहून काढा." आपल्या समाजातली पुष्कळ मुले-मुली आज कारखान्यांत, इस्पितळांत, बँकांत दहा-वीस माणसांवर अधिकारी आहेत. त्यांच्या काही उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहोत.

माणसे कामावर कशी घेऊ नयेत, हे आम्ही मुंबईत लहानपणीच पाहिले. आमचे वडील लालबागच्या एका गिरणीत टाइमकीपर होते. शाळेला सुटी असली की त्यांचा डबा घेऊन आम्ही जात असू. मुंबईच्या गिरण्यांत रोज काही कामगार गैरहजर असत. कोणी आजारी, कोणी लग्नाला, कोणी पेरणीसाठी कोकणात गेलेला. साचे तर थांबवून चालत नसे. म्हणून कायमच्या कामगारांखेरीज बदली कामगार ठेवीत. हे बदलीवाले भोंगा होण्याआधीच दरवाजाशी येऊन उभे राहत. ज्याला आत बोलावले त्याला त्या दिवसाची मजुरी मिळे. ज्याला बोलावले नाही तो तसाच घरी जाई.

कोणाला आत घ्यायचे हे पूर्वी जॉबर ठरवी. हा जॉबर, म्हणजे मुकादम, कामगारांकडून दस्तुरी घेई, आपल्या गावचे आणि आपल्या नात्याचे लोक भरी. 1931 सालच्या रॉयल कमिशन ऑन लेबरच्या अहवालात या प्रकारावर कडक टीका झाली. पुढे 1935 पासून गिरणीमालकांनी बदलीवाल्यांना कार्डे देऊन त्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली. कार्डे आली, परंतु मुकादमाचा शब्द एकदम गेला नाही. वडिलांच्या वेळेपर्यंत तो थोडाफार चालतच होता.

त्या रांगेत एक माणूस नेहमी दिसे. वडील म्हणत, सबंध खात्यात याच्यासारखा हात कोणाचा नाही. परंतु मुकादमाच्या घरी तो कधी गेला नाही, सणाला काही पाठवले नाही, म्हणून आठवड्यातले चार दिवस परत जाई. निवडणाऱ्याचा फायदा एकीकडे आणि कामाचा फायदा दुसरीकडे असला की काय होते, ते आम्ही त्या दरवाजाशी शिकलो. मनात पक्के ठरवून टाकले की कधी अधिकार हाती आला तर आपण असा मुकादम व्हायचे नाही. हा निश्चय चांगलाच होता. पुढे त्यानेच आमचा घात केला, तो कसा ते ओघाने येईल.

आम्ही 1969 साली इस्राएलात आलो. दक्षिणेकडच्या एका नव्या गावात घर मिळाले आणि तिथल्याच सूतगिरणीत काम मिळाले. त्या काळी सरकारने वाळवंटातल्या नव्या गावांत नवीन आलेल्या लोकांना रोजगार मिळावा म्हणून कापडाचे कारखाने उभे करविले होते. आमच्या गिरणीचे नाव इथे लिहीत नाही. ती केव्हाच बंद पडली. 1991 पासून स्वस्त परदेशी मालाला बाजार खुला होत गेला, शिवणकामाचे पुष्कळ कारखाने जॉर्डन-इजिप्तकडे गेले, आणि आमच्यासारख्या गिरण्या एकामागून एक थांबल्या.

मुंबईची हवा दमट, म्हणून तिथे सूत चांगले निघे. इथे वाळवंट. खात्यात पाण्याचे फवारे चालू ठेवले तरी शाराव सुटला, म्हणजे तो कोरडा गरम वारा वाहू लागला, की धागे पटापट तुटत. शुक्रवारी दुपारी बंद केलेले साचे शब्बाथ सुटल्यावर पुन्हा चालू केले की पहिले काही तास असेच जात. रिंग खात्यातले मुख्य काम हे तुटलेले धागे सांधण्याचे. धाग्याचे टोक शोधायचे, ते बारीकशा कडीतून ओवायचे आणि वरच्या रुळांतून येणाऱ्या कापसाला बोटाने हलकेच जोडायचे. हे दोन-तीन सेकंदांत झाले पाहिजे. एका बाईच्या नजरेखाली शेकडो चात्या. कापसाचे तंतू नाकातोंडात जातात, आवाज इतका की शेजारच्याशी बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागते.

1976 साली आम्ही एका पाळीचे प्रमुख झालो. मोरोक्कोचे, रुमानियाचे, जॉर्जियाचे आणि आपले मिळून साठ-पासष्ट लोक हाताखाली आले. कारखान्याला माणूस परभारे घेता येत नसे. 1959 च्या कायद्याप्रमाणे लिश्कात आवोदा, म्हणजे सरकारी रोजगार कचेरीकडून, चिठ्ठी घेऊन लोक येत. त्यांतून कोणाला ठेवायचे ते आम्ही ठरवायचे.

पहिल्याच वर्षी चूक केली. एका शनिवारी सिनगॉगमधून बाहेर पडताना एका ओळखीच्या गृहस्थांनी आमचा हात धरला. मुलगा रिकामा आहे, तुम्ही एवढे मोठे झालात, आपल्या माणसाकडे पाहा. मुलगा आला. छान बोलला, नम्र होता. आम्ही काम दाखवले नाही, फक्त बोललो, आणि ठेवून घेतले. सोळाव्या दिवशी तो आला नाही, सतराव्या दिवशीही नाही. त्याला असल्या धुळीत आणि आवाजात राहायचेच नव्हते, आणि हे त्याला आधी कोणी सांगितले नव्हते. गृहस्थ वर्षभर आमच्याशी बोलले नाहीत. वर कामगारांच्या समितीत, वाआदमध्ये, एकाने टेबलावर हात आपटून म्हटले, "होदी होदींनाच घेतो." भारतातून आलेल्यांना इथे होदी म्हणतात. तो शब्द आमच्या फार जिव्हारी लागला. लालबागचा मुकादम डोळ्यांपुढे उभा राहिला.

त्यानंतर आम्ही रीत बदलली. ही रीत आम्हांला गिदोनच्या गोष्टीवरून सुचली. गिदोनपाशी बत्तीस हजार माणसे जमली होती. आधी त्याने सांगून टाकले की ज्याला भीती वाटते त्याने घरी जावे. बावीस हजार गेले. उरलेल्या दहा हजारांना पाण्यावर नेले आणि ते पाणी कसे पितात ते पाहिले. राहिले तीनशे. लहानपणी आम्हांला यात चमत्कार तेवढा दिसला होता. अधिकारी झाल्यावर दिसले की यात दोन गोष्टी आहेत. पहिली, कामातले कठीण असेल ते अगोदर सांगून टाकावे आणि ज्याला जायचे त्याला मानाने जाऊ द्यावे. दुसरी, माणसाला विचारण्यापेक्षा त्याला काही करताना पाहावे.

तेव्हा चिठ्ठी घेऊन येणाऱ्याला आम्ही खुर्ची देण्याआधी खात्यात नेऊ लागलो. तेही जिथे सर्वांत जास्त गरम होते त्या कोपऱ्यात. पाळ्या कशा बदलतात, पाय कसे दुखतात, सगळे सांगत असू. मग अर्धा दिवस एखाद्या जुन्या बाईबरोबर उभे करीत असू. काही लोक दहाच्या चहालाच निघून जात. वाईट वाटून घेण्याचे कारण नसे. ते पुढे सोळाव्या दिवशी गेले असते. जे राहत त्यांच्या दोन गोष्टी आम्ही लांबून पाहत असू. समजले नाही तर विचारतो की नुसती मान हलवतो? आणि पाहणारे कोणी नसताना धागा तुटला तर काय करतो? बाकीचे सगळे शिकवता येते. या रीतीने घेतलेली माणसे पुष्कळ टिकली. त्याबद्दल थोडी शाबासकी आम्ही स्वतःला अजूनही देतो.

माणूस घेणे झाले. आता टिकविण्याचे.

ज्यांना 1984 साल आठवते त्यांना सांगायला नको. त्या एका वर्षात महागाई चारशे टक्क्यांहून जास्त वाढली. सकाळी पाहिलेली किंमत संध्याकाळी नसे. पगाराबरोबर मिळणारा महागाई भत्ता, तोसेफेत योकेर, हा हिस्ताद्रुत, मालकांची संघटना आणि सरकार यांच्यात ठरे. पाळीच्या प्रमुखाला तिथे कोण विचारतो? 1985 च्या जुलैत सरकारने कडक योजना आणली तेव्हा कुठे भाव सावरले. त्या दिवसांत आम्हांला एक गोष्ट कळली. पगार वाढवणे हातात नसले तरी पुष्कळ काही हातात असते.

पाळ्यांचा तक्ता दोन आठवडे आधी लावणे हातात होते. मग मिलुईमला जाणाऱ्याला किंवा लहान मूल असलेल्या बाईला आपले घर लावून घेता येते. पगारात चूक असेल तर त्याच दिवशी कचेरीत जाऊन ती दुरुस्त करून आणणे हातात होते. मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशी ठेवू नये, ही तोराची आज्ञा आहे. ती फक्त मालकाला आहे आणि मुकादमाला नाही असे आम्हांला वाटत नाही. बिघडलेला साचा लवकर दुरुस्त करून घेणे हातात होते. कामगार सर्वांत जास्त कशाला कंटाळत असेल, तर आपला दोष नसताना दिवसभर त्याच त्याच ठिकाणी तुटणाऱ्या धाग्याला. आणि खात्यात शिरताना नाव घेऊन शालोम म्हणणे हातात होते. बवाज शेतात आला तेव्हा त्याने आधी कापणी करणाऱ्यांना देवाच्या नावाने नमस्कार केला, कामाचे मागून विचारले. शावुओथला आपण दरवर्षी ही गोष्ट ऐकतो.

एवढे सगळे आम्ही करीत होतो. तरी मावशी गेल्या.

त्यांचे नाव लिहीत नाही. आपल्याच समाजाच्या, रायगडकडच्या. खात्यात आपले लोक त्यांना मावशी म्हणत, बाकीचे दोदा म्हणत, अर्थ एकच. 1973 साली त्या कामाला लागल्या. त्यांचे काम पाहत राहावे असे होते. इतर बायका धागा तुटला की तिकडे धावत. मावशी कधी धावल्या नाहीत. साच्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका चालीने फेरी, वाटेत जे तुटले ते सांधायचे, जिथे कापूस साचला तो काढायचा. एकाच चातीवर दोनदा धागा तुटला तर तिथे खडूने खूण करून ठेवीत आणि फिटर आला की त्याला दाखवीत. म्हणून त्यांच्या साच्यांवर धागे मुळातच कमी तुटत. शारावच्या दिवशीसुद्धा त्यांची बाजू शांत असे.

त्यांनी कधी तक्रार केली नाही. नवी मुलगी आली की आम्ही ती मावशींजवळ उभी करीत असू. शिकवायचे म्हणजे आपले काम सांभाळून दुसरीचेही सांभाळायचे. अकरा वर्षांत वीस-पंचवीस मुली त्यांच्या हाताखालून गेल्या असतील. त्याबद्दल एक लिराही जास्त मिळाला नाही, कारण त्यांनी मागितला नाही आणि आम्हांला सुचले नाही. कोणाची मुलगी आजारी, कोणाला लग्नाला जायचे, तर बदलीला मावशी उभ्या. गरम कोपऱ्यातले साचे कोणी घेईना, तर ते मावशींकडे. आम्ही म्हणत असू, मावशींना काय, त्या समाधानी आहेत.

1984 च्या सुरुवातीला खात्यात शिकवणाऱ्या बाईची एक पक्की जागा निघाली. पगार थोडा जास्त आणि दिवसभर साच्यावर उभे राहायला नको. ही जागा कोणाची, हे खात्यातल्या लादीलाही माहीत होते. ती आम्ही दुसऱ्या बाईंना दिली. त्या वाईट नव्हत्या. कामही बरे होते. त्या तीन वेळा आमच्या टेबलाशी आल्या, मोठ्याने बोलल्या, वाआदला घेऊन आल्या. मावशी एकदाही आल्या नाहीत.

परंतु खरे कारण हे नव्हते. वाचकहो, चाळीस वर्षे झाली, आता लपवून काय करायचे? खरे कारण असे की मावशी आपल्या समाजाच्या होत्या. त्यांना जागा दिली असती तर पुन्हा कोणी तरी म्हणाले असते, होदी होदींनाच पुढे करतो. लालबागचा मुकादम होऊ नये म्हणून आम्ही इतके जपत होतो की आपल्यातल्या एका बाईचा हक्क आम्ही आपल्या चांगल्या नावासाठी खर्च केला. मुकादम दस्तुरी घेऊन चुकीचा माणूस निवडी. आम्हीही घेतलीच, फक्त ती पैशांत नव्हती.

वर्ष संपता संपता मावशी एका दुपारी पाळी सुटल्यावर आल्या. हातात राजीनाम्याचा कागद. गावातल्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम मिळाले होते. पगार थोडा कमीच. आम्ही चकित झालो. म्हटले, मावशी, काही त्रास होता तर सांगायचे होते.

त्या म्हणाल्या, "भाऊ, अकरा वर्षं झाली. तुम्ही मला कधी विचारलंच नाही."

एवढेच बोलल्या. आवाज चढवला नाही. कागद टेबलावर ठेवला, त्यावर वजन ठेवले आणि गेल्या.

पुढे काय झाले? त्यांच्या साच्यांवर दोन जणी घातल्या तरी सूत पूर्वीसारखे निघेना. फिटर विचारू लागला, खडूच्या खुणा कुठे गेल्या? त्यांनी शिकवलेल्या दोन मुली महिन्याभरात सोडून गेल्या. चांगले माणूस एकटे जात नाही. त्याच्या आधाराने जे उभे असतात तेही हलतात. पण हे गिरणीचे नुकसान झाले. मावशींचे नुकसान निराळे होते.

1963 च्या कायद्याप्रमाणे मालकाने कामगाराला काढले तर नोकरीच्या दर वर्षामागे शेवटच्या पगाराने एक महिन्याचा पगार द्यावा लागतो. याला आपण पित्सुईम म्हणतो. परंतु कामगाराने आपण होऊन राजीनामा दिला तर काही ठरावीक कारणे सोडून तो मिळत नाही. मावशींची अकरा वर्षे, म्हणजे अकरा पगार. मालकाने खुशीने द्यायचे ठरवले तर देता येत होते. आम्ही वरच्या साहेबांकडे गेलो, विचारले. ते म्हणाले, कायदा सांगत नाही तर का द्यायचे? आम्ही मान हलवली आणि परत आलो. दुसऱ्यांदा गेलो नाही. ज्या बाईंनी तीनदा टेबलाशी येऊन जागा मिळवली त्यांना आम्ही मनात नावे ठेवीत होतो, आणि इथे दुसऱ्याच्या हक्कासाठी आमच्या तोंडून दुसऱ्यांदा शब्द निघाला नाही.

(तरुण वाचकांसाठी इथेच सांगून ठेवतो. 2008 पासून या देशात कामगारांसाठी पेन्शन सक्तीचे झाले आहे. तुमच्या करारात पित्सुईमच्या कायद्यातले कलम 14 लागू असेल, तर तुमच्या नावे पित्सुईमसाठी भरलेली रक्कम राजीनामा दिलात तरी तुमचीच राहते. तेव्हा करार नीट वाचा. लाजू नका.)

त्या घटनेनंतर आम्ही एक वही केली. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे त्या महिन्यात कोण कोण आले त्यांची नावे लिहीत असू. मग हजेरीपट उघडून जी नावे वहीत नाहीत ती काढीत असू. या लोकांकडे आम्ही आपण होऊन जात असू. कचेरीत बोलावीत नसू, कारण कचेरीत बोलावले की साधा माणूस घाबरतो. साच्यापाशी किंवा चहाच्या वेळी. प्रश्न तीनच. या कामात तुम्हांला सर्वांत जास्त कशाचा त्रास होतो? दुसरे काय शिकावेसे वाटते? तुम्ही करता पण आमच्या नजरेला येत नाही असे काय आहे? पहिल्या वेळी सगळे म्हणत, काही नाही, ठीक आहे. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या महिन्यात बोलू लागत. आणि जे सांगितले त्यातले एक तरी, लहान का होईना, आठवड्याच्या आत करायचे असा नियम ठेवला. नाही तर विचारणे ही थट्टा होते.

साठ माणसांना एकट्याने हे जमेना. तेव्हा इथ्रोची आठवण झाली. मोशे रब्बेनू सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटे न्याय करीत बसले होते, ते पाहून त्यांच्या सासऱ्यांनी सांगितले की असे केलेस तर तूही थकशील आणि लोकही थकतील. कर्तबगार, देवाला भिणारी, खरे बोलणारी, लाचेचा तिटकारा असलेली माणसे निवड. त्यांना हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नेम. या शेवटच्या दहाच्या आकड्याकडे आमचे लक्ष पूर्वी गेले नव्हते. एका माणसाला खरोखर ओळखता येतील इतकी माणसे म्हणजे दहा. मग आम्ही साच्यांच्या प्रत्येक ओळीत एकेक जबाबदार माणूस ठरवला, आणि वाआदशी भांडून त्याला थोडा भत्ताही मिळवून दिला. त्यांत आपले दोघे होते. कोणी काही म्हणाले नाही. म्हणाले असते तर आमच्यापाशी त्यांच्या कामाचे आकडे तयार होते. आपल्या माणसाला न्याय द्यायचा तर आकडे दाखवून द्यावा; तोंड लपवून त्याला मागे ठेवू नये.

मावशींना आम्ही 2005 साली एका हळदीच्या समारंभात पुन्हा भेटलो. केस पांढरे झाले होते, पण चाल तीच. स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहून पोरींना कामे सांगत होत्या. आम्ही बाजूला नेऊन माफी मागितली. काय म्हणालो ते नीट आठवत नाही. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, जागेचं नाही वाटलं एवढं. पैशाचं वाटलं. थोरलीचं नर्सिंगचं शिक्षण त्या वर्षी राहिलं. मग दोन वर्षांनी झालं." थोडे थांबून म्हणाल्या, "तुम्ही दुसऱ्यांदा साहेबाकडे गेला असतात तर बरं झालं असतं."

हे त्यांना कसे कळले होते, कोण जाणे. आम्ही काही बोलू शकलो नाही. मग कोणी तरी त्यांना हाक मारली आणि त्या आत गेल्या.

ही हकीकत ऐकून भाचा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, मामा, माझ्याकडे चौदा आहेत. आम्ही म्हटले, मग एक कागद घे आणि गेल्या महिन्यात तुझ्याशी कोण किती बोलले त्या क्रमाने नावे लिही. आणि खालून सुरुवात कर. तुझे चौथ्या मुलाखतीतले प्रश्न आम्हांला कळत नाहीत, परंतु निवडल्यानंतरची मुलाखत तू घेतोस का?

दोन आठवड्यांनी त्याचा फोन आला. यादीत सर्वांत खाली एका मुलीचे नाव निघाले होते. रात्री यंत्रणा बिघडली तर फोन घ्यायची पाळी तिच्याकडे सलग तीन महिने होती, कारण ती नाही म्हणत नसे. विचारल्यावर पहिल्यांदा म्हणाली, ठीक आहे. पुन्हा विचारल्यावर म्हणाली की दुसरीकडे मुलाखत ठरली आहे. भाच्याने पाळ्यांचा तक्ता बदलला आणि त्या तीन महिन्यांचा मोबदला तिला मिळावा म्हणून आपल्या साहेबाकडे गेला. साहेब नाही म्हणाला. "मग?" आम्ही विचारले. "मग काय, रविवारी परत जातोय," तो म्हणाला. ती मुलगी राहील की जाईल ते अजून ठरलेले नाही.

शेवटी दोन शब्द आपल्या लोकांसाठी. इथे आपली ख्याती आहे की होदीम शांत असतात, कामाला चांगले असतात, कटकट करीत नाहीत. ही स्तुती ऐकून आपण खूश होतो. पण या स्तुतीत आपले किती भत्ते आणि किती जागा बुडाल्या, त्याचा हिशेब कोणी केला नाही. मागणे आपल्याला येत नाही असे मात्र नाही. 1964 साली आपले लोक यरुशलेमेत धरणे धरून बसले, तेव्हाच क्नेसेतने आपण सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहोत असा ठराव केला. जे नोकरी करतात त्यांनी एकदा तरी टेबलाशी जाऊन विचारावे. आणि जे टेबलाच्या पलीकडे बसले आहेत त्यांनी, कोणी येण्याची वाट न पाहता, उठून खात्यात जावे.

मावशी आता नव्वदीला आल्या आहेत. त्यांची थोरली मुलगी नर्स म्हणून निवृत्त झाली. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे मावशींना भेटायला जाणार आहोत. हा अंक छापून आला की तो त्यांना वाचून दाखवायचा आहे. त्यांना काही दुरुस्त करायचे असेल तर तेही लिहून कळवू.